रुखमाबाई भेटली

अहेरी,
ता. ९ डिसेंबर १९८६

आदरणीय हरिदासभाऊ,

सविनय जयभीम. मी बरी आहे. कमलावहिनीची कंबर आता कशी आहे? पोंभुर्ण्यात धानाचं चुरणं-मळणं आटोपलं असेल. इथे थंडी फार. क्वार्टरच्या मागूनच जंगल सुरू होतं.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कारण पुढे लिहिते, आधी बातमी. रुखमाबाई भेटली. आरमोरीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, कबड्डी खेळलेली, तीच.

तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं. बायांचा सामना म्हणून माणसं हसायलाच जमली होती. तिच्या संघातल्या सगळ्या बाद झाल्या, ती एकटी उरली आणि तरी समोरच्या पोरींमध्ये घुसली. एकीनं घोटा धरला, ती आपटली. मला रडू आलं. ती मात्र उठली, धूळ झटकली आणि त्याच पोरीजवळ जाऊन म्हणाली, "कशी पकडली व तुनं मले? दाखव ना."

त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात बसली. नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा पास झालेल्या मुलीकडे गेले, तिनं पेपर कसा लिहिला ते विचारायला. तुम्हाला वाटलं, पोरीला लाज नाही.

तर ही रुखमाबाई सुनेला बाळंतपणासाठी आमच्या दवाखान्यात घेऊन आली. मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही. सोबत आलेली म्हणून तिचं नाव, माहेर लिहून घेताना शंका आली. चालताना ती गुडघा धरत होती.

"तुमी कबड्डी खेळत होत्या का?"

तिनं आधी सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कोणं सांगतलं तुले?" सुनेला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

सून सुखरूप मोकळी झाली, मुलगी झाली. मग आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो. लहानपणापासून विचारायचं होतं ते विचारलं.

"एकटीनं जाताना भेव नाई वाटे?"

"वाटे ना, लय वाटे."

"मंग काऊन जात होत्या?"

"तिकडं गेल्याबिगर तिकडचं समजत नाई बाई. त्या पोरी काय करतात, मले पाहाचं राहे."

खेळ का सोडला, तेही विचारलं. तिनं कप खाली ठेवला. "लगन झालं. सासरे म्हणाले, आता पुरे. काऊन पुरे, हे मी विचारलंच नाई. मैदानात साऱ्याइले विचारलं, घरच्यालेच नाई विचारलं."

भाऊ, आता उशिराचं कारण. भामरागडला नर्सची जागा होती. ती मी स्वतः मागून घेतली. ऑर्डर आली आहे, सोमवारी निघते.

चंद्रपूरच्या ज्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलं, तो चांगलाच असेल. पण लग्नासाठी नोकरी सोडायची, ही त्यांची अट तुम्ही कबूल केलीत, ती मी मानणार नाही. तुम्ही स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं. म्हणूनच हे लिहायला हात उचलत नव्हता.

मलाही भेव वाटतं. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद होतो. तिथल्या आदिवासींची माडिया बोली मला येत नाही. पण तिकडच्या बाया दवाखान्यात काऊन येत नाहीत, काय म्हणतात, कशाला घाबरतात, हे मला तिथे जाऊन पाहायचं आहे.

आणि तुम्हालाही एक विचारायचं आहे. ती अट कबूल करण्याआधी तुम्ही मला विचारलं काऊन नाई? रागानं लिहीत नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

वहिनीला जयभीम. उत्तर भामरागडला पाठवा. रागावले असाल, तरी लिहा.

तुमचीच,
चंदा