कपबशी कोणी पाडली

अण्णा, तुमचा वॉर्ड तुमच्या हातून कोणी घालवला ते मला आता कळलं आहे. मरेपर्यंत तुम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडलीत, ते छापखानेवाले काका नव्हते. तुम्हाला जाऊन दीड तप होत आलं. इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार, असं कोणीही म्हणेल. पण तुम्ही जिवंत असताना हे तुम्हाला कळलं नाही याची मला हळहळ वाटते. तुमच्याविषयीच्या मायेने नव्हे. तो चेहरा मला बघायचा होता, म्हणून.

मी कुठे असते हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा तेवढं सांगते. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या शेजारी बेस्ट नावाचं गाव आहे. यांची नोकरी इथल्या एका कंपनीत, आणि मी यांच्या व्हिसावर शेपटासारखी आले. पहिली काही वर्षं सायकल शिकण्यात आणि डच शिकण्यात गेली. मग एका वृद्धाश्रमात काम मिळालं. म्हाताऱ्यांना वाढायचं, भरवायचं, त्यांच्याशी बोलत बसायचं. करोनाच्या पहिल्या लाटेत आश्रमाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा पोरं काचेबाहेर उभी राहून आईबापांना हात हलवायची, आणि आत त्यांच्या हातात हात देऊन आम्ही बसायचो. मास्कमुळे म्हाताऱ्यांना माझे ओठ दिसायचे नाहीत, मग मी मोठ्याने बोलायला शिकले. तुमच्या घरात ते कधी शिकता आलं नव्हतं.

आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला ते वर्ष आठवा. मी अकरावीत होते. दुपारची वेळ आहे, आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली आहे आणि गल्लीतल्या बायका मागच्या दाराने आत येतात. त्या आधीच्या उन्हाळ्यात आईने त्यांना घेऊन नगरपालिकेत धरणं धरलं होतं, मुख्याधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून नळाला पाणी का येत नाही ते विचारलं होतं, आणि पाणी आलं होतं. तुम्ही तेव्हा त्याला ‘बायकांचा गोंधळ’ म्हणालात. आता त्या म्हणत होत्या, वहिनी, तुम्ही उभ्या राहा. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली, आणि तिचा चेहरा मी त्याआधी कधी न पाहिल्यासारखा झाला. तेवढ्यात तुम्ही आत आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि हसलात.

“हिला भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही,” तुम्ही म्हणालात, “ही सभागृहात काय बोलणार?”

बायका चहा अर्धा टाकून गेल्या. आईने पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

आठवड्याभरात तुमच्या आघाडीची उमेदवारी कंत्राटदाराच्या बायकोला मिळाली. बिचारी चांगली होती, पण घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावं की नाही हेसुद्धा ती नवऱ्याकडे बघून ठरवायची. तुम्हाला तशीच हवी होती. आणि प्रचाराला तिच्याबरोबर तुम्ही पाठवलंत कोणाला, तर आईला. “तू बरोबर असलीस की बायका नाही म्हणणार नाहीत,” हे तुमचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे तिची गल्लीतली पत तुम्हाला चांगली ठाऊक होती. ती नव्हे, फक्त तिची पत तुम्हाला उभी करायची होती. आई हळदीकुंकवाची कुयरी घेऊन दारोदार फिरली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने चौकोन काढलेत, त्यात आघाडीचं चिन्ह, कपबशी, काढलीत, आणि मॅट्रिक झालेल्या बायकोला, माझ्या आणि दादाच्या देखत, शिक्का कुठे मारायचा ते बोट ठेवून दाखवायला लावलंत. तिने दाखवलं. “पुन्हा दाखव,” म्हणालात. तिने पुन्हा दाखवलं.

कपबशी पडली. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्सबाई, अपक्ष, शिलाई मशीन चिन्हावर निवडून आली. आपल्या हुकमाची गल्लीसुद्धा गेली, म्हणजे कोणीतरी आतून फितूर झालं, असं तुम्ही ठरवलंत. फितूर शोधायला तुम्हाला फार लांब जावं लागलं नाही. छापखानेवाल्या काकांकडे त्या नर्सबाईची पत्रकंही छापली होती. काकांचा तो धंदाच होता. पंचवीस वर्षांची मैत्री, आणि तुम्ही त्यांना फाटकातून आत येऊ दिलं नाहीत. ते फाटकाच्या गजाला धरून म्हणत होते, “अरे, माझ्या बायकोचं, पोराचं मत कपबशीलाच गेलंय, शपथ घेतो.” तुम्ही आतून कडी लावलीत. त्यानंतर काका आपल्या गल्लीतून जाईनासे झाले, मुद्दाम वळसा घालून मंडईत जायचे. त्यांच्या तेराव्यालाही तुम्ही गेला नाहीत.

आता ऐका. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात आई दादाकडे होती. आमचा रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. इथे देशाच्या निवडणुकीची धामधूम होती, रस्त्यात फलक लागले होते, ते मी तिला सायकलवरून दाखवले. तिने विचारलं, तू कोणाला देणार? मी सांगितलं, या निवडणुकीत आम्हाला मत नाही, आम्ही परदेशी. पण पुढच्या वर्षी मार्चमध्ये गावची निवडणूक येते, तिच्यात पाच वर्षं राहिलेल्यांना देता येतं. त्यावर ती, आमटीत मीठ कमी पडलं असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, “ती कपबशी मीच पाडली.”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. कंत्राटदाराची बायको ओसरीवर पुरुषमाणसांना नमस्कार करत असायची, तेवढ्यात आई स्वयंपाकघरात जायची. कुंकू लावताना बायकांच्या कानाशी म्हणायची, “घरात विचारतील तेव्हा कपबशी म्हणा. आत पडद्यामागे कोणी नसतं. ज्या बाईने तुमची बाळंतपणं केली, तिच्याकडे बघा.” एकेक घर तिने असं केलं. तुम्ही तिला प्रचाराला पाठवलंत, अण्णा, आणि तिने प्रचार केला.

मी हसले, खूप हसले, आणि तीही हसली. मग मी विचारलं, अण्णांना सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “सांगून काय? चार दिवस ओरडले असते, आणि पाचव्या दिवशी ती आपलीच खेळी होती म्हणून चार लोकांत सांगितलं असतं.” ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ओळखत होती. नंतर तिचा आवाज बदलला. “छापखानेवाले भाऊजी मात्र फुकट मेले त्यात. मी खिडकीतून बघत होते ते फाटकाशी उभे होते तेव्हा. तेवढं मला बोचतं गं.” तिला बोचत होतं. ज्याने कडी लावली त्याला आयुष्यभर काही बोचलं नाही.

दुसऱ्या लाटेत आई गेली. विमानं बंद होती. दादाने फोन उंच धरला होता, आणि मी आश्रमाच्या कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून बघितलं. त्याबद्दल तुम्हाला काही सांगणार नाही. ते तुमचं नाही.

या वर्षी गावच्या निवडणुकीत आमच्या इथल्या मराठी मंडळातला एकजण उभा राहिला. यांच्याच ऑफिसातला, पुण्याचा, सगळे त्याला दादासाहेब म्हणतात. एका स्थानिक पक्षाच्या यादीत बराच खाली त्याचं नाव होतं, पण इथे खालच्या माणसालाही नावावर पुरेशी मतं पडली तर तो वर येतो, म्हणून आपल्या सगळ्यांची एकगठ्ठा मतं हवी होती. माणूस वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये एकट्या राहणाऱ्या पोरांना त्याने डबे पोचवले होते. पण त्याने फोन केला तो यांना. स्पीकरवर होता, मी ओट्याशी उभी. म्हणाला, “तुमच्या घरची दोन धरतो हं.” आणि हे म्हणाले, “धर की.”

मतदानाचे पास टपालाने आले तेव्हा हे म्हणाले, “तुझी त्या दिवशी ड्यूटी असेल ना? पासच्या मागे सही करून दे, मी माझ्याबरोबर तुझंही टाकून येतो. इथे चालतं तसं.” चालतं, अण्णा. कायद्याने चालतं. तुम्ही हा देश पाहायला हवा होतात, खूश झाला असता. हे वाईट हेतूने म्हणाले नव्हते, ते आपलं नेहमीचं काम वाटून घेतल्यासारखं म्हणाले. पण मला फरशीवरचा खडू दिसला. म्हटलं, “मतदान दोन-तीन दिवस चालणार आहे. माझं मी जाईन.”

“अगं, पण द्यायचं कोणाला हे तर ठरलंय.”

“तुमचं ठरलंय.”

शनिवारी गावच्या सभागृहात उमेदवारांना प्रश्न विचारायची सभा होती. मी एकटी सायकलने गेले. तिथे आपल्यातलं दादासाहेब सोडून कोणी नव्हतं. मी उठून विचारलं, माझं डच जसं आहे तसं, की रात्रपाळीच्या बायकांना घरी जायला आश्रमाजवळून बस नाही, तुम्ही काय करणार? दादासाहेब मला बघून खुलला, म्हणाला, मी निवडून आलो की बस सुरू करून दाखवतो. त्याच्या शेजारी दुसऱ्या पक्षाची एक साठीची बाई बसली होती, पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवणारी. ती म्हणाली, “बस गावच्या हातात नाही, प्रांताच्या हातात आहे. मी पत्रं लिहू शकते, भांडू शकते. पण आणून देईन म्हटलं तर ते खोटं होईल.” सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादासाहेब बाहेर पडताना मला म्हणाला, “वहिनी, असले प्रश्न घरी विचारायचे. इथे आपण एक दिसायला हवं.”

मी मतदानाला गेले. कागद चादरीएवढा मोठा, त्यावर सगळ्या पक्षांची सगळी नावं, आणि हातात लाल पेन्सिल. एकच गोल रंगवायचा. मी कोणाचा रंगवला ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही प्रत्येकाचं मत कुठे गेलं हे विचारून घेणारे होतात. एक तरी तुम्हाला न कळता राहू दे.

दादासाहेब पडला. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. पोळीचा तुकडा हातात धरून, न खाता, कोणी दगा दिला याची उजळणी करत होता. शेवटी त्याने एका मुलाचं नाव घेतलं. मंगळुरूचा आहे, त्यांच्याच टीममध्ये, आमच्याकडे गणपतीला आरतीला येतो. एकदा व्हॉट्सॲपच्या गटावर त्याने लिहिलं होतं की आपला माणूस म्हणजे योग्य माणूस असं नसतं. “त्यानेच फोडली मतं,” दादासाहेब म्हणाला. “आता ऑफिसात बघतो त्याला.” आणि हे मान हलवत होते. अण्णा, हे मान हलवत होते.

मी वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. म्हटलं, “त्या मुलाचं नाव घेऊ नका. मी तुम्हाला मत दिलेलं नाही. आणखी दोघीतिघींनी मला विचारलं, त्यांना मी सांगितलं की स्वतः ऐकून या आणि ठरवा. त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. पण राग धरायचा तर माझ्यावर धरा.”

दादासाहेबाने यांच्याकडे पाहिलं, बायको तुझी, आवर, अशा नजरेने. यांनी ताटाकडे पाहिलं. मग तो हात धुऊन गेला. जाताना मला नमस्कार केला नाही. हे दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलले. तिसऱ्या दिवशी चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंस.” मी म्हटलं, “तुम्ही विचारलंच नाहीत.” त्यावर ते कपाकडे बघत म्हणाले, “नाही विचारलं.” तुमच्या तोंडून एवढं एक वाक्य आईने ऐकलं असतं, तर मी हे सगळं लिहायला बसले नसते.

त्या मुलाला ऑफिसात कोणी काही केलं नाही. मंडळाच्या गुढीपाडव्याला आम्हाला बोलावणं आलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही त्यावर दिवाणखान्यात भाषण केलं असतंत. पण एक गोष्ट आहे. निकालानंतर नगरपालिकेने केंद्रवार आकडे जाहीर केले. मी ते लॅपटॉपवर उघडून बसले. स्टेशनजवळच्या केंद्रात त्या पोहणाऱ्या बाईला इतकी मतं कशी, शाळेच्या केंद्रात का नाहीत, कोण कोणाची खाऊन गेलं, असं तासभर वाचत राहिले, आणि मला त्यात इतकी गोडी लागली की कोणाशी तरी बोलावंसं वाटू लागलं. यांना त्यात रस नव्हता. आईला आकड्यांचा कंटाळा होता. तेव्हा मला फोन करावासा वाटला तो तुम्हाला.