दोघांचा सोफा

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. म्हणजे पाठ धरली आहे आणि लंबूशी भांडण झालं आहे, पण पत्र उघडल्या उघडल्या तू काळजीत पडू नयेस म्हणून मजेत.

लंबूला ती दातांची डॉक्टर भेटल्याचं कळवलंच होतं. चाळिशीत प्रेमात पडलेला मित्र वाहवत जाऊ नये म्हणून मी सगळीकडे त्यांच्याबरोबर जातो. सिनेमाला दोघांच्या मध्ये बसतो, कारण खाऊचा पुडा माझ्याकडे असतो. परवा तळ्याकाठी फिरताना डॉक्टरबाई सारख्या म्हणत होत्या की तुम्ही दमला असाल, बाकावर बसा. फार प्रेमळ बाई.

तर लंबूने मला सोफा करायला सांगितला आणि माप दिलं दोन माणसांचं! आयुष्यभर पोरांना गणित शिकवणारा माणूस स्वतःच्या भिंतीचं माप चुकला, असं मी धरलं. नाहीतर मी कुठे बसणार? काही न बोलता मी तिघांचा सोफा केला. स्प्रिंगा, काथ्या, निळं कापड, सगळं जीव ओतून. काल हमालांनी तो वर चढवला आणि तो दारात अडकला. लंबू आत, आम्ही बाहेर. पलीकडून तो म्हणाला की दोघांचा सांगितला होता आणि मुद्दाम सांगितला होता. मी तडक निघून आलो. तूच सांग, माझं काय चुकलं?

लोभ आहेच, तो जरा ऐसपैस ठेव.
तुझा भाऊ

दि. ११ फेब्रुवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

तोंडात खिळे धरून काम करतोस म्हणून हे नाव ठेवलं, पण मित्राशी बोलताना तरी ते काढत जा. तुझं पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. आम्ही लग्नानंतर फिरायला निघालो तेव्हा तूही बॅग भरून दारात उभा होतास, हे ते अजून सगळ्यांना सांगतात.

अरे शहाण्या, त्या बाई तुला बाकावर बसवत होत्या त्या प्रेमाने नव्हे. लंबू गमवायचा नसेल तर जा, माफी माग आणि तो सोफा काप. आणि राग मानू नकोस, पण लंबू तुझ्या घरी कधी आला आहे का? मी आले होते तेव्हा कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते. सगळ्या गावाला बसवतोस आणि तुझ्या घरात एक खुर्ची नाही.

माया कमी झाली असं समजू नये. कान पकडायलाही मायाच लागते.
तुझी ताई

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला. मग आरी घेऊन लंबूकडे गेलो. सोफा अजून दारातच होता आणि डॉक्टरबाई त्याच्यावर चढून ये-जा करत होत्या. मी माफी मागितली. लंबू, रविवारी तुझ्याकडे यायचं बंद झालं तर मी कुठे जाऊ, याची भीती वाटते, असंही म्हणालो. हे मी सोफ्याकडे बघत बोललो, पण ऐकलं लंबूने. त्याने सोफ्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही मिळून सोफा कापला.

उरलेल्या तुकड्याची मी खुर्ची केली आणि थेट त्यांच्याकडे नेली. त्यांच्या खोलीतल्या कोपऱ्याचं माप गुपचूप घेऊन ठेवलं होतं. हो ताई, पुन्हा तेच. डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं की खुर्ची छान आहे, पण ती इथे राहणार नाही. माझं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाल्या की ती तुमच्या घरी ठेवा, आम्हाला तुमच्याकडे यायचं आहे. इतक्या वर्षांत याने मला एकदाही घरी बोलावलं नाही, असं लंबू त्यांना म्हणाला होता. ताई, मला खरंच वाटत होतं की माझ्याकडे कोण येणार.

रविवारी दोघं आली. बाई खुर्चीवर, मी आणि लंबू जमिनीवर भिंतीला टेकून. त्याचे पाय पार दारापर्यंत पोचले. खूप हसलो. निघताना दोघं हातात हात घालून उतरली आणि मी फक्त जिन्यापर्यंत गेलो.

आता दुसरी खुर्ची करायला घेतली आहे. तू आणि भावोजी या. या खेपेला खुशाल दोघंच फिरून या, मी घरी खुर्च्या मांडून वाट बघतो.

माया आहे तशीच राहू दे, तिचं माप मी घेणार नाही.
तुझा
खिळ्या