डब्यातली पात

ती. आईस, तुझ्या संचिताचा नमस्कार.

"सुखात आहेस ना गं?" असं तू फोनवर विचारलंस. पण फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या, म्हणून हे पत्र.

काळजी करू नकोस. विठ्ठलवाडीत सगळे मला जपतात. बी.कॉम. झालेली सून म्हणून कौतुक करतात, पण भाजी आणायलाही एकटीला सोडत नाहीत. मग मी रंगाच्या रिकाम्या डब्यात मोड आलेले कांदे लावले. पात छान आली. तुझा गुडघा कसा आहे?

नोकरीचं काढलं की सासूबाई हसतात. "अगं, नोकरी कुठे पळून जातेय? पात बघ, कापली तरी परत येतेच ना!"

येते आई, पण दर वेळी आधीपेक्षा बारीक येते.

कांदेनवमीला त्या म्हणाल्या, "आता चातुर्मासात घरात कांदा नको, डबा टाकून दे. नोकरीचंही दिवाळीनंतरच बघू." मी सगळ्या पातीची भजी केली, सगळ्यांना गरम वाढली.

डबा मात्र टाकला नाही. सोमवारी सासूबाईंना सांगूनच तो उचलला आणि नौपाड्यातल्या एका दवाखान्याच्या खिडकीत नेऊन ठेवला. त्या खिडकीजवळच्या टेबलावर मी कामाला लागले आहे; फोनवरूनच ठरवलं होतं. हे पत्रही तिथूनच लिहिलं.

तुझी,
संचिता