वरच्या मजल्याचं भाडं

दादा,

तू उठायच्या आत निघतेय. टॅक्स ऑफिसातल्या साहेबांनी साडेअकराची वेळ दिली आहे. भाडेकराराची फाईल मी नेली आहे, कपाट उपसत बसू नकोस.

काल तू बाहेर असताना वरच्या भाडेकरू बाई खाली आल्या होत्या. कुणी चौकशीला आलं तर "मी पाहुणी आहे, भाडं देत नाही" असं सांगा, असं तू त्यांना बजावलंस म्हणे. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, खोटं बोलायला मला जमणार नाही. हवं तर घर सोडते." मला मान वर करवेना.

करसल्लागारांशी बोलले. आपण होऊन भाडं दाखवलं तर दुरुस्तीचा खर्च वजा होईल, दंडही झेपेल एवढाच बसेल, म्हणाले. टॅक्सवाल्यांनी पकडल्यावर मात्र कठीण आहे.

घर दोघांच्या नावावर आहे, तुझीही सही लागेल. माझ्यावर हवा तेवढा चीड, पण वर जाऊन बाईंवर आवाज चढवू नकोस.

टॅक्स ऑफिसात आलास तर तूच बोल. नाही आलास तर मी बोलेन, पण "दादाने लपवलं" म्हणणार नाही. निम्मं भाडं तीन वर्षं मीही मुकाट्याने घेतलंय. "आम्ही लपवलं" असंच सांगेन.

धाकटी