आळशी रोपं विल्सनला दिली

१९ मे, व्हिक्टोरिया डे
सडबरीत उन्हाळा पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन निघतो. गेली दोन वर्षं माझा गांजा पिकायच्या आधीच फ्रॉस्टने मारला. म्हणून यंदा स्वतःची जात काढणार, थंडीला न घाबरणारी, झटपट पिकणारी. माझ्याच नावावरून नाव फिक्स: ‘नॉर्बर्ट अर्ली’. कॅनडाच्या कायद्याने घरामागे गांजाची चार झाडं चालतात, चारच लावली. बायकोची, सेलीनची लास्ट वॉर्निंग: यंदाही पीक नाही आलं तर मागचा वाफा तिच्या लसणीला. हसलो. वसईत बाबांची केळी-पपईची वाडी होती. शेती माझ्या रक्तात आहे.

२२ जून
रोपं गुडघ्याएवढी. सेलीन म्हणाली, पपईसारखं आधी नर-मादी बघून घे. म्हटलं, पपई ही पपई, हे ब्रीडिंग आहे. ती हसली. हसो बापडी.

११ जुलै
दोन रोपांना कळ्या! बाकी दोन ढिम्म. नियम साधा: लवकर फुलेल ते ठेवा, आळशी हाकला. आळशी जोडी मेहुण्याला, विल्सनला दिली. मागच्याच गल्लीत राहतो. त्याच्याकडे पुदिनासुद्धा जगत नाही. दान केल्याचं पुण्य.

२७ जुलै, रविवार
चर्चमधून, मिस्साहून येऊन बघतो तर फुलंच फुलं! जरा घोसासारखी लोंबतात, पण प्रत्येक जातीची आपली स्टाइल असते. वाऱ्याने पिवळी पूड उडाली ती थेट सेलीनच्या पांढऱ्या चादरींवर. म्हटलं, सोनं आहे हे.
चादरी मी धुतल्या.

१४ ऑगस्ट
फुलं गळाली, झाडं सुकतायत. ताकद आत साठत असणार. पाणी डबल केलं. तान्या खिडकीतूनच म्हणाली, “डॅड, दोज आर बॉईज.” बापाला शिकवते!

१५ ऑगस्ट
सहज वाचलं. नर आधी फुलतात म्हणे. पीक मादीला. म्हणजे माझी निवड शंभर टक्के बरोबर होती, झाडंच चुकीची निघाली. बाबा नर पपया माझ्याच हातून उपटून घ्यायचे, पण त्याचा इथे काय संबंध? विषय बंद.

१३ सप्टेंबर
अजून फ्रॉस्ट नाही, आणि विल्सनची आळशी झाडं लदबदलेली! पण मेहुणा कपाळाला हात लावून बसलाय. प्रत्येक बोंडात बियाच बिया, ओढायला बेकार. अरे, माझीच पूड कुंपणं ओलांडून गेली की! फ्रॉस्टच्या आधी पिकलेल्या बिया. जात निघाली! जिंकलो! सेलीनला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या वाफ्यात काय आहे ते दाखव.

५ ऑक्टोबर
पॅरिशच्या पॉटलक जेवणात विल्सन ऐटीत बिया वाटत होता. पाकिटावर ‘विल्सन अर्ली’. बाप माझ्या घरचा, नाव ह्याचं! तरी गिळलं. चार बिया मागितल्या. म्हणाला, देतो की, पण नॉर्बर्ट, लावशील कुठे?
घरी आलो. सेलीन लसणीच्या पाकळ्या ओच्यात घेऊन वाफ्यापाशी उभी. फावडं माझ्या हातात दिलं. जमीन मात्र फार छान भुसभुशीत केली होती मी.