बारवेतले पुसलेले मासे

मंठा, रविवार

प्रिय वंदे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मारुतीला तेल घालून नुकतीच घरात शिरले होते. तू रडत होतीस. म्हणालीस, बारवेतले मासे परत मरून राह्यलेत, अंगावर कापसासारखी बुरशी धरून वर येतात, अक्का, रेणूला जल्दी धाडून दे. मी म्हटलं, सांगते. फोनवर बोलत बसले असते तर तुझ्या रडण्यानं विरघळले असते, म्हणून लिहायला बसले. पाकीट वाया जाऊ नये म्हणून कागद दोन्ही अंगांनी भरते, माझी खोड तुला ठाऊकच आहे.

इकडे सगळं बराबर आहे. तूर बरी आहे. यांचा गुडघा धरतो, रोज शेक देते. माझ्या रेणूचं मत्स्यविद्येचं हे शेवटचं वर्ष. सुट्टीला आलीय. बोलते कमी.

तुझं लग्न झालं तेव्हा तुमच्या गावात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी बारवेत वरून हळदीचं पाणी शिंपडायचे, बस. मासे महादेवाचे, त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. पण देवस्थानाचा कारभार तुझ्या नवऱ्याकडे, सर्जेरावांकडे आला आणि त्यांना सेवा चारचौघांत दिसायला पाहिजे झाली. मग जाळं टाकून मासे काढायचे, कोऱ्या मांजरपाटानं बुळबुळ निघेस्तोवर पुसायचे, हळद चोळायची, फोटो काढून सोडून द्यायचे.

गेल्या साली पहिल्यांदा पुसले, तेव्हा रेणू तुझ्याकडेच आल्ती. तिनं आधी हात ओले केले, काही माशांच्या अंगावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला, कॉलेजात तपासायला. सर्जेरावांना म्हणाली, काका, ही बुळबुळ म्हणजे घाण नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव तिच्यात वस्ती करून असतात, रोगाच्या जंतूला कातडीवर बूड टेकू देत नाहीत. ती पुसली की मासा उघडा पडतो. तर पायरीवरची माणसं हसली. माशाला आंघोळ नको म्हणती, सोता तरी करती का न्हाई, इचारा तिच्या मावशीला! आणि मावशी पदर तोंडाला लावून हसली.

गणपती बसायच्या आत मासे मेले. दोष कुठंतरी टाकायला पाहिजे होता. तेव्हा तू बायांत बसून सांगितलंस, त्या दिवशी रेणूला अडचण आल्ती. लेकरानं तुझ्याच घरी, मावशी म्हणून तुलाच सांगितलं होतं ते. विटाळ मीही पाळते वंदे, माझ्या देव्हाऱ्याला विचार. पण बोळा फिरवलेल्यांतला तो शेपटी फाटलेला म्हातारा मासा जाळ्यातून निसटला, पुसायचा राहिला, आणि रेणूचा हात लागूनही तो जगला. तूच मला बोट करून दाखवला. पंचांपुढे मात्र तुझं तोंड उघडलं नाही.

पंचांनी दंड सांगितला, रेणूनं बारवेच्या पायऱ्यांवर नाक घासलं. तू तांब्या घेऊन उभी होतीस. मला वाटलं, पोरीचं रक्त धुशील. तू पायरी धुतलीस. मग हसनाबादचं ठरलेलं स्थळ मोडलं, देवाचे मासे मारणारी सून त्यांना नको होती. मोडलेल्या लग्नाच्या घरी तू भेटायलासुद्धा आली नाहीस.

यंदा परत मासे पुसले, परत मेले, आणि दोषाला तुझ्या मीनाचं नाव निघालंय. फोनवर तू हे गिळलंस, बाजारात तुमच्या गावची बाई भेटली तिनं सांगितलं. उद्या सोमवारी तिला पायऱ्यांवर नेणार आहेत. गेल्या सालच्या बोळ्यांचा रिपोर्ट, बुळबुळीत ते राखणारे जीव सापडल्याचा, रेणूच्या पेटीत आहे. ती आली, तो पंचांपुढे वाचला, तर मीना सुटेल, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. रेणूच्या कानावर गेलं तर ती चप्पल न घालता धावत सुटेल, तशीच आहे ती. म्हणून तुझा फोन आल्याचं मी तिला सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. हे पत्र मुद्दाम साध्या टपालानं धाडते. तुझ्या हाती पडेल तोवर सोमवार उलटून गेलेला असेल. मीनाच्या नाकाला खोबरेल लावत जा, खपली ओढू देऊ नको. डाग राहतो. रेणूचा राहिला.

तुझीच, एका आईच्या पोटची,
साधनाअक्का