‘भिवरा’ आगबोट कोणाच्या हाती जाऊ नये

लिहून ठेवणार : श्रीमती केसरबाई आश्रुबा डोईफोडे, वय त्र्याहत्तर, धंदा शेती, राहणार युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड.

माझे गुडघे गेले आहेत, डोकं जाग्यावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हा मजकूर मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही. दबाव आणायला माझा मुलगा धर्मराज येऊन गेला, त्याचा उपयोग झाला नाही. यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र निघालं तर ते रद्द समजावं.

१. वडगावातलं घर आणि माझ्या नावची जमीन मुलगी वर्षाराणी हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. धर्मराज याला काही नाही. का नाही, ते पुढे लिहिलं आहे, म्हणजे मी गेल्यावर त्याला वेगळं सांगत फिरता येणार नाही.

२. ‘भिवरा’ आगबोटीबद्दल. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमच्या वस्तीची वाट बुडाली. माझे पती आश्रुबा साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते. त्यांनी बंद तेलगिरणीचा लहान बॉयलर आणला, लोखंडी तळ जोडून घेतला आणि दोन्ही बाजूंना बाभळीच्या फळ्यांची चाकं बसवली. लोक हसले. सासूबाई भिवराबाई तेवढ्या पहिल्या दिवशी सरळ आत जाऊन बसल्या, म्हणून बोटीला त्यांचं नाव. पऱ्हाट्या जाळून वाफ धरायची आणि भोंगा देऊन निघायचं. या बोटीतून वऱ्हाडं गेली, शाळेच्या पोरी गेल्या, ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासकट गेल्या. पती वारल्यावर बॉयलर मी पेटवत असे आणि सुकाणू धर्मराज धरत असे. तेव्हा तो चांगला होता.

धाकटे दीर अभिमन्यू सरपंच झाले आणि त्यांनी स्वतःची मोटारबोट आणली. लगेच आमचा बॉयलर धोक्याचा ठरला. ठराव दाखवून त्यांनी ‘भिवरा’ला साखळी घातली, कुलूप लावलं. मी विचारलं तर म्हणाले, "वयनी, उद्या फुटला मंजी? लोकं आमाला धरतील." तोवर तो कधी फुटला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी वस्तीवरच्या सुग्रीवची बायको वनमाला बाळंतपणात अडली. अभिमन्यू मोटारबोटीची किल्ली खिशात घालून कपिलधारला गेले होते. मी घणानं कुलूप तोडलं. सुग्रीव आणि धर्मराजनं वनमालाला घोंगडीत उचलून बोटीत ठेवलं. वाफ धरेपर्यंत ती ओरडायची थांबली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. सुग्रीव पऱ्हाट्या घालत राहिला. मध्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या हातांवर वैष्णवी जन्मली. सुकाणूवर धर्मराज रडत होता. म्हणाला, "आई, जित्ती हाय पोर."

३. मी कुलूप तोडल्याची फिर्याद अभिमन्यूंनी दिली, बोट जप्त झाली. त्या चौकशीत माझ्या मुलानं जबाब दिला की बोटीत बाळंतीण नव्हतीच, आईनं भाऊबंदकीच्या रागानं कुलूप तोडलं. पुढच्या निवडणुकीत चुलत्यानं त्याला तिकीट मिळवून दिलं. खटल्यातून मी सुटले. बोट जप्तीतून सुटली तेव्हा तळ गंजून गेला होता.

४. आता पूल झाला आहे. पुलाच्या तोंडाशी चबुतरा बांधून त्यावर ‘भिवरा’ ठेवायची आणि खाली स्वतःचं नाव कोरायचं, असा धर्मराजचा बेत आहे. तसं होऊ नये. बोट, बॉयलर, चाकं आणि भोंगा यांची एकटी मालक वैष्णवी. तिनं बोट ठेवावी, मोडावी, भंगारात घालावी, तिला कोणी जाब विचारू नये.

५. पतीचे पाने, घण आणि वाफेचा काटा सुग्रीवला. तुटलेलं कुलूप साखळीसकट अभिमन्यूंना द्यावं, चार माणसांत द्यावं.

६. मागच्या आठवड्यात धर्मराज आला. म्हणाला, "आई, लई वर्सं झाली. आता कावून धरून बसलीस?"

मी म्हणाले, "वनमालाच्या दारात जा. तिच्या पोरीसमोर म्हण, मी खोटं बोललो. मृत्युपत्राचा हा कच्चा कागद मी आत्ता फाडते."

तो उठला. वस्ती सोडून आम्ही सगळे इकडे आलो तेव्हापासून वनमालाचं घर माझ्या खिडकीसमोर आहे. तिच्या दारापाशी तो थांबला. वैष्णवी बाहेर आली. तिनं त्याला नमस्कार केला, पाणी आणून दिलं. त्यानं पाणी पिऊन पेला परत दिला आणि गाडीत जाऊन बसला.

म्हणून माझ्या तिरडीला त्याचा खांदा लागू नये. अग्नी वर्षाराणीनं द्यावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदारांसमोर सही केली.

सही : केसरबाई आश्रुबा डोईफोडे

साक्षीदार : केसरबाईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली.
१. आसाराम दगडू मोराळे, सही
२. शिवशंकर महालिंग कापसे, सही

ठिकाण : युसूफ वडगाव
तारीख : ११ फेब्रुवारी २०२५